टॅबलेट हाताशी असताना पायलटला कागदी नकाशा का लागतो? बारामती, दौंड आणि शिरूरच्या आकाशातून समजून घ्या

दौंड तालुक्यात उसाला पाणी देताना किंवा कुरकुंभच्या चौकात एसटीची वाट पाहताना कधी कधी डोक्यावरून बारीक घरघर ऐकू येते. वर पाहिलं तर एक छोटं विमान जाताना दिसतं. एकच इंजिन, पुढे एक पंखा आणि आत जेमतेम दोन किंवा चार माणसांची जागा. दक्षिणेला बारामतीच्या धावपट्टीवर वैमानिक प्रशिक्षण चालतं, त्यामुळे या भागातल्या लोकांना अशी विमानं नवीन नाहीत.

अशा विमानात बसलेल्या पायलटच्या मांडीवर आता बऱ्याचदा एक टॅबलेट बांधलेला असतो. त्यावर नकाशा उघडलेला असतो आणि नकाशावर विमानाचं छोटं चिन्ह सरकत असतं. आपण गाडीत गूगल मॅप्स लावतो, जवळपास तसंच.

मग प्रश्न असा पडतो की स्क्रीनवर सगळं दिसत असताना विद्यार्थी वैमानिकाला अजूनही कागदी नकाशा, पेन्सिल, पट्टी आणि घड्याळ घेऊन मार्ग आखायला का शिकवतात? ही फक्त जुनी सवय आहे की त्यामागे काही कारण आहे?

आधी समजून घेऊ, हवेत रस्ता सापडतो कसा.

हवेत रस्ता कसा शोधतात?

उदाहरणासाठी एक त्रिकोणी मार्ग घेऊ. बारामतीहून दौंड, दौंडहून शिरूर आणि शिरूरहून परत बारामती. सरळ रेषेत मोजलं तर बारामती विमानतळ ते दौंड अंतर साधारण २६ किलोमीटर आहे. दौंड ते शिरूर साधारण ४५ किलोमीटर आणि शिरूर ते बारामती साधारण ७० किलोमीटर. छोट्या प्रशिक्षण विमानाचा वेग ९० नॉट, म्हणजे ताशी सुमारे १६७ किलोमीटर धरला, तर पूर्ण फेरीला ५० मिनिटांच्या आसपास लागतील.

जमिनीवरच्या खुणा बघत उड्डाण करण्याच्या पद्धतीत पायलटकडे तीन मूळ साधनं असतात. दिशा सांगणारं होकायंत्र, वेळ सांगणारं घड्याळ आणि खिडकीबाहेरची जमीन. अमुक दिशेने, अमुक वेगाने, अमुक मिनिटं गेलो तर खाली अमुक गाव दिसायला हवं, असा हिशेब उड्डाणाआधीच मांडून ठेवलेला असतो.

या मार्गावर खुणांची कमतरता नाही. बारामतीहून उत्तरेला निघालं की पुणे-सोलापूर महामार्ग आडवा येतो. डावीकडे कुरकुंभ एमआयडीसी दिसते. पुढे दौंड जंक्शन आणि त्याला लागून भीमा नदी. दौंडहून रेल्वेचे रूळ पुणे, सोलापूर, मनमाड आणि बारामती अशा चार बाजूंना जातात. वरून पाहणाऱ्याला इतकी स्पष्ट खूण क्वचितच मिळते.

पण याच खुणेत एक फसगतही आहे. दौंडहून शिरूर उत्तर-वायव्येला आहे, तर मनमाडकडे जाणारा रूळ उत्तरेला अहिल्यानगरच्या दिशेने जातो. 'रूळ धरून जाऊ' असं म्हणत पायलट त्याच्यामागे गेला तर शिरूर डावीकडे राहून जाईल आणि तो श्रीगोंदा तालुक्यावर पोहोचेल.

दुसरी फसगत वाऱ्याची. समजा, दौंड ते शिरूर जाताना डावीकडून १५ नॉटचा आडवा वारा आहे. हा टप्पा साधारण १६ मिनिटांचा आहे. पायलटने नाक शिरूरकडेच ठेवलं आणि वाऱ्याचा विचार केला नाही, तर १६ मिनिटांत विमान सुमारे ४ सागरी मैल, म्हणजे साडेसात किलोमीटर उजवीकडे ढकललं जाईल. पायलटला वाटत राहील की आपण सरळ चाललोय.

हे टाळण्यासाठी नाक वाऱ्याच्या दिशेने साधारण १० अंश वळवून ठेवावं लागतं. नावाडी वाहत्या नदीत नाव पलीकडे नेताना प्रवाहाच्या वरच्या अंगाला रोख ठेवतो, तसंच हे आहे. हा कोन काढण्यासाठी पायलट पिढ्यान् पिढ्या ई-६-बी नावाची गोल सरकपट्टी वापरत आले आहेत. अमेरिकी नौदलातले फिलिप डाल्टन यांनी १९३०च्या दशकात हे साधन तयार केलं आणि आजही ते शिकवलं जातं.

मग टॅबलेट नेमकं काय करतो?

विमान वाहतुकीच्या भाषेत या टॅबलेटला 'इलेक्ट्रॉनिक फ्लाइट बॅग' किंवा ईएफबी म्हणतात. नावातच त्याचा इतिहास आहे. पूर्वी पायलट नकाशे, विमानतळांचे आराखडे, विमानाची माहितीपुस्तिका आणि तक्ते भरलेली जड बॅग सोबत नेत. ती बॅग आता स्क्रीनमध्ये आली.

मोठ्या कंपन्यांमध्ये हा बदल लॅपटॉपपासून सुरू झाला. एप्रिल २०१०मध्ये आयपॅड बाजारात आला आणि चित्र झपाट्याने बदललं. अमेरिकन एअरलाइन्सने २०१३पर्यंत आपल्या पायलटांच्या सुमारे १६ किलोच्या कागदी बॅगा हटवून त्या जागी आयपॅड दिले. त्यातून वर्षाला किमान ४ लाख गॅलन इंधन वाचेल, असा कंपनीचा हिशेब होता.

छोट्या विमानातल्या पायलटसाठी टॅबलेटचे फायदे वेगळे आहेत.

पहिला फायदा म्हणजे आपण या क्षणी कुठे आहोत, हे दिसतं. वर सांगितलेलं साडेसात किलोमीटरचं भरकटणं टॅबलेटवर एक-दोन मिनिटांतच लक्षात येतं, कारण आखलेल्या रेषेपासून विमानाचं चिन्ह बाजूला सरकू लागतं.

दुसरा फायदा आकाशातल्या हद्दींचा. आकाश मोकळं दिसत असलं तरी त्यात अदृश्य भिंती असतात. पुण्याचं लोहगाव विमानतळ हा हवाई दलाचा तळ आहे. तिथून लढाऊ विमानंही उडतात आणि प्रवासी विमानंही. शिरूर लोहगावपासून सरळ रेषेत साधारण ५५ किलोमीटरवर आहे, म्हणजे छोट्या विमानासाठी वीस मिनिटांचं अंतर. पूर्वेकडून वारा असताना शिरूरकडे जाणारा पायलट भरकटला, तर तो याच बाजूला सरकतो. परवानगीशिवाय नियंत्रित हद्दीत शिरणं ही गंभीर चूक मानली जाते. स्क्रीनवर हद्दीची रेषा आणि आपलं विमान एकाच वेळी दिसत असेल तर ती चूक टाळणं सोपं जातं. ब्रिटनच्या हवाई नियामकाने तर छोट्या विमानांच्या पायलटांनी असा सरकता नकाशा वापरावा यासाठी उघड प्रोत्साहन दिलं आहे.

तिसरा फायदा हिशेबाचा. वजन किती, इंधन किती, धावपट्टी किती लांब लागेल, हे सगळं ॲप काही सेकंदांत काढून देतं.

हे तीनही फायदे खरे आहेत. अडचण येते ती टॅबलेट बंद पडतो तेव्हा, किंवा त्याहून वाईट, चुकीचं उत्तर देतो तेव्हा. दौंड-शिरूर परिसरात हे का घडू शकतं, याची कारणं साधी आहेत. पहिलं कारण इथल्या प्रत्येकाच्या ओळखीचं आहे.

दौंडचा उन्हाळा आणि ३५ अंशांची मर्यादा

ॲपलच्या माहितीनुसार आयपॅड ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरायचा असतो. एप्रिल-मे महिन्यांत दौंड, शिरूर, बारामती पट्ट्यात दुपारी पारा ४० अंशांच्या आसपास जातो. त्यात छोट्या विमानाच्या केबिनला चारही बाजूंनी काच असते आणि बहुतेक प्रशिक्षण विमानांत एसी नसतो. धावपट्टीवर उन्हात उभ्या असलेल्या विमानात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा बरंच जास्त असतं.

अशा वेळी टॅबलेट आधी स्क्रीनचा उजेड कमी करतो. मग थंड होईपर्यंत वापरता येणार नाही, अशी सूचना दाखवून थांबतो. नकाशा गायब होतो. काचेला चिकटवलेल्या आणि थेट ऊन लागणाऱ्या टॅबलेटला हा धोका सर्वांत जास्त. म्हणून अनुभवी पायलट तो सावलीत, हवेच्या झोताजवळ ठेवतात आणि जाड कव्हर काढून टाकतात.

आता याच उन्हाची दुसरी बाजू पाहा. गरम हवा विरळ असते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाची ताकदही घटते. समजा, धावपट्टी समुद्रसपाटीपासून २,००० फुटांवर आहे आणि तापमान ४० अंश आहे. अशा वेळी विमान साधारण ५,५०० फुटांवरच्या हवेत असल्यासारखं वागतं. उड्डाणासाठी धावपट्टी जास्त लागते आणि वर चढायला वेळ लागतो.

म्हणजे ज्या दुपारी हिशेब सर्वांत महत्त्वाचा असतो, त्याच दुपारी हिशेब करणारं यंत्र तापून बंद पडण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. म्हणूनच हा हिशेब विमानात बसण्याआधी, सावलीत करून कागदावर उतरवून ठेवणं शहाणपणाचं ठरतं.

उन्हाचा आणखी एक किरकोळ वाटणारा त्रास आहे. पोलराइज्ड गॉगल घातला असेल तर काही स्क्रीन ठरावीक कोनातून पाहिल्यावर काळ्या दिसतात. पायलटला ही गोष्ट हवेत गेल्यावर नाही, तर जमिनीवर असतानाच तपासून घ्यावी लागते.

अमेरिकेतल्या पायलटला जे दिसतं, ते इथे दिसतं का?

इंटरनेटवर छोट्या विमानांचे जे व्हिडिओ दिसतात, ते बहुतेक अमेरिका आणि युरोपातले असतात. तिथल्या पायलटच्या स्क्रीनवर पावसाचे ढग, आजूबाजूची विमानं आणि बारकाईने आखलेला नकाशा असं सगळं दिसतं. ते पाहून इथल्या विद्यार्थ्याला वाटू शकतं की तेच ॲप घेतलं की झालं.

पण ॲप म्हणजे फक्त खिडकी. खिडकीतून काय दिसणार, हे मागच्या माहितीवर अवलंबून असतं. अमेरिकेची हवाई नियामक संस्था आपले नकाशे डिजिटल स्वरूपात मोफत उपलब्ध करते. तिथे जमिनीवरच्या केंद्रांमधून ९७८ मेगाहर्ट्झवर हवामानाची माहितीही मोफत प्रसारित होते आणि छोटा रिसीव्हर ती टॅबलेटवर दाखवतो. भारतात छोट्या विमानांसाठी अशी प्रसारण सेवा नाही. त्यामुळे तोच रिसीव्हर इथे आणला तरी ढगांचं चित्र येणार नाही.

इथला पायलट उड्डाणापूर्वी हवामान विभागाकडून विमानतळांची निरीक्षणं आणि अंदाज घेतो. लोहगावसारख्या विमानतळाची निरीक्षणं ठरावीक वेळाने जाहीर होतात. पण एप्रिल-मेमधला वळवाचा पाऊस वेळापत्रक पाळत नाही. दुपारी दोनला निरभ्र असलेलं आकाश चारपर्यंत काळंकुट्ट होऊ शकतं. दोन वाजता टॅबलेटमध्ये साठवलेलं चित्र चार वाजता तसंच दिसत राहतं, कारण स्क्रीनला बाहेरचं काही कळत नाही.

ही अडचण अमेरिकेतही आहे. तिथल्या अपघात तपास मंडळाने २०१२मध्ये पायलटांना सावध केलं होतं की स्क्रीनवर दिसणारं रडारचं चित्र प्रत्यक्षात १५ ते २० मिनिटं जुनं असू शकतं. वादळी ढगांच्या बाबतीत २० मिनिटं म्हणजे खूप मोठा काळ.

नकाशाचंही तसंच आहे. विमान वाहतुकीची माहिती जगभर २८ दिवसांच्या ठरलेल्या चक्राने अद्ययावत होते. भारतात भारतीय विमानतळ प्राधिकरण ही माहिती प्रसिद्ध करतं. नवी मुंबई विमानतळ २०२५मध्ये सुरू झाला. दौंडच्या पश्चिमेला पुरंदर तालुक्यात नवा विमानतळ प्रस्तावित आहे. असा प्रत्येक विमानतळ आकाशातल्या हद्दी बदलतो. कागदी नकाशा जुना झाला की त्यावरची तारीख आणि झिजलेल्या घड्या ते सांगतात. टॅबलेटवरचा जुना नकाशा मात्र नव्यासारखाच चकचकीत दिसतो.

यात जमीनही बदलत असते. शिरूर तालुक्यात चिंचणीजवळ घोड धरण आहे. पावसाळ्यानंतर भरलेला त्याचा जलाशय आणि मे महिन्यात आटलेला जलाशय वरून दोन वेगळ्या खुणा वाटतात. नकाशात मात्र एकच निळा आकार असतो, मग तो नकाशा कागदी असो की डिजिटल.

जीपीएसच चुकलं तर?

टॅबलेटचा सगळा डोलारा जीपीएसवर उभा आहे. यात पहिला गोंधळ खरेदीच्या वेळीच होतो. फक्त वायफायवर चालणाऱ्या आयपॅडमध्ये जीपीएस चिपच नसते. सिम कार्ड चालणाऱ्या मॉडेलमध्ये ती असते. घरी वायफायवर नकाशा व्यवस्थित दिसला म्हणून तो हवेतही दिसेल, असं नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. उपग्रहांकडून येणारा संदेश जमिनीपर्यंत पोहोचेपर्यंत अतिशय क्षीण झालेला असतो. तो दाबून टाकणं किंवा खोटा संदेश पाठवून रिसीव्हरला फसवणं शक्य असतं. हे प्रकार जगात वाढल्यावर भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, नोव्हेंबर २०२३मध्ये विमान कंपन्यांसाठी याविषयी सूचना काढल्या.

विमानात कायम बसवलेल्या प्रमाणित जीपीएस यंत्रात आलेल्या संदेशाची विश्वासार्हता तपासण्याची सोय असते. शंका आली तर ते पायलटला इशारा देतं. साध्या टॅबलेटकडून अशी हमी मिळत नाही. चुकीची जागाही तो तितक्याच ठामपणे दाखवू शकतो.

उंचीच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. टॅबलेट जीपीएसवरून उंची काढतो. विमानातलं उंचीमापक हवेच्या दाबावरून उंची दाखवतं. उन्हाळ्यात या दोन आकड्यांत काही शे फुटांचा फरक पडू शकतो. आकाशात विमानांना एकमेकांच्या वर-खाली सुरक्षित अंतरावर ठेवलं जातं ते दाबाच्या उंचीवरून, कारण सगळे तीच मोजपट्टी वापरतात. एखादा पायलट टॅबलेटचा आकडा बघून उडू लागला तर तो इतरांपेक्षा वेगळ्या मोजपट्टीवर उडत असतो.

आणि कधी कधी चूक जीपीएसची नसते, ॲपची असते. २८ एप्रिल २०१५ रोजी अमेरिकन एअरलाइन्सची अनेक उड्डाणं रखडली, कारण पायलटांच्या आयपॅडवरचं नकाशांचं ॲप बंद पडत होतं. ती विमानं जमिनीवर होती आणि कंपनीकडे पर्यायी व्यवस्था होती. छोट्या विमानात एकटा असलेल्या विद्यार्थ्याला स्वतःची पर्यायी व्यवस्था स्वतःच सोबत न्यावी लागते.

डोळे आत की बाहेर?

नजरेने उड्डाण करण्याच्या पद्धतीत इतर विमानांपासून दूर राहण्याची मुख्य जबाबदारी पायलटच्या डोळ्यांवर असते. म्हणून या पद्धतीला किमान दृश्यमानतेची अट आहे. १०,००० फुटांखाली ती ५ किलोमीटर असते.

प्रशिक्षण चालतं त्या धावपट्टीच्या आसपास एकाच वेळी अनेक विमानं असू शकतात आणि त्यातली काही नवशिके चालवत असतात. समोरासमोर येणारी दोन विमानं प्रत्येकी ९० नॉटने येत असतील तर त्यांच्यातलं अंतर दर सेकंदाला सुमारे ९० मीटरने कमी होतं. स्क्रीनवर नकाशा मोठा करायला, चुकून उघडलेली दुसरी खिडकी बंद करायला १० सेकंद गेले, तर ९०० मीटर संपले.

लक्ष विचलित होण्याची किंमत किती मोठी असू शकते, याचं एक उदाहरण ३१ मे २०१४चं आहे. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात वॉटकिन्सजवळ सेसना १५० जातीचं छोटं विमान रात्री कोसळलं आणि आतल्या दोघांचाही मृत्यू झाला. पायलट कमी उंचीवर असताना मोबाइल वापरत होता. त्यामुळे लक्ष विचलित होऊन त्याचं दिशाभान हरपलं असावं, असा निष्कर्ष तपास मंडळाने काढला.

बाहेर पाहणाऱ्याला अशा गोष्टीही दिसतात ज्या टॅबलेटमध्ये नसतात. दौंड आणि शिरूर हा साखर कारखान्यांचा पट्टा आहे. गाळप हंगामात कारखान्याच्या धुराड्यातून निघणारा धूर कोणत्या बाजूला झुकतोय, हे पाहिलं की खालच्या वाऱ्याची दिशा लगेच कळते. अंदाजात काय लिहिलं होतं, यापेक्षा हा धूर त्या क्षणाचं खरं सांगतो.

इंजिन थांबलं तर टॅबलेट काय सांगेल?

बहुतेक ॲपमध्ये 'सर्वांत जवळचं विमानतळ' दाखवणारं बटण असतं. दौंड ते शिरूरच्या मध्यावर ते दाबलं, तर बारामतीची धावपट्टी साधारण ४८ किलोमीटरवर आणि लोहगाव साधारण ६० किलोमीटरवर निघेल.

इंजिन चालू असेल तर ही माहिती उपयोगी आहे. इंजिन बंद पडलं तर मात्र गणित वेगळं होतं. सेसना १७२ सारखं विमान शांत हवेत दर १,००० फूट उंचीमागे साधारण दीड सागरी मैल तरंगत जातं. जमिनीपासून ३,००० फुटांवर असेल तर जवळपास ८ किलोमीटर. म्हणजे कुठलीच धावपट्टी आवाक्यात नाही. उतरायचं तर ते शेतातच.

हे काही फक्त कागदावरचं उदाहरण नाही. २५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून उडालेलं एक प्रशिक्षण विमान इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडी इथे शेतात कोसळलं होतं. विमानात एकटीच असलेली प्रशिक्षणार्थी त्यात जखमी झाली होती.

अशा वेळी कोणतं शेत निवडायचं? उभा ऊस वरून मऊ हिरवा गालिचा वाटतो, पण तो पुरुषभर उंच असतो. नांगरलेल्या रानात चाक रुतू शकतं. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात, म्हणून खांबांवरून तारांचा अंदाज घ्यावा लागतो. वाऱ्याची दिशा पाहावी लागते. हे सगळं ठरवायला हातात तीन-चार मिनिटं असतात आणि यातली एकही गोष्ट टॅबलेट सांगत नाही.

नियम काय सांगतात?

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ईएफबीसाठी नियम आणि स्वतंत्र मार्गदर्शिका तयार केली आहे. त्यामागचा विचार असा, की सोबत नेलेला टॅबलेट हा कागदी बॅगेला पर्याय आहे, विमानात बसवलेल्या होकायंत्राला किंवा उंचीमापकाला नाही. तो कुठे ठेवायचा, अडथळा होणार नाही असा कसा बांधायचा, बॅटरी संपली तर काय करायचं, याचं उत्तर आधी तयार हवं.

भारतात एका शहराहून दुसरीकडे उडण्यापूर्वी फ्लाइट प्लॅन द्यावा लागतो आणि हवाई संरक्षणाच्या दृष्टीने परवानगीचा क्रमांक घ्यावा लागतो. टॅबलेटवर रेषा आखली म्हणून ती रेषा उडण्यासाठी खुली होत नाही.

व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी डीजीसीएच्या नियमांनुसार २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यात १०० तास विमानाचा प्रमुख म्हणून, तर किमान २० तास एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याच्या प्रवासाचे आणि त्यात एक प्रवास किमान ३०० सागरी मैलांचा असावा लागतो. त्याआधी नेव्हिगेशन, हवामानशास्त्र आणि हवाई नियमांच्या लेखी परीक्षा असतात. वाऱ्याचा त्रिकोण तिथे स्वतःच सोडवावा लागतो.

दुसरीकडे, परवान्याची कागदपत्रं मात्र वेगाने डिजिटल होत आहेत. डीजीसीएने नोव्हेंबर २०२१मध्ये ई-जीसीए हे पोर्टल सुरू केलं. फेब्रुवारी २०२५पासून पायलटांना मोबाइलवर दाखवता येणारा इलेक्ट्रॉनिक परवानाही मिळू लागला. म्हणजे व्यवस्थेला डिजिटल साधनांचं वावडं नाही. हवेत काय आणि जमिनीवर काय, एवढाच फरक ती करते.

मग टॅबलेट घ्यावा की नाही?

घ्यावा. भरकटलेल्या पायलटला वेळेत सावध करणारं इतकं स्वस्त साधन आधीच्या पिढ्यांकडे नव्हतं. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ला कराचीहून मुंबईला टपाल आणलं, तेव्हा वाटेत मदत करणारी कोणतीही यंत्रणा नव्हती. त्यांना हे साधन मिळालं असतं तर त्यांनीही ते नक्कीच पाहिलं असतं.

प्रश्न आहे तो क्रमाचा. आधी कागदावर रेषा आखायची, दिशा आणि मिनिटं लिहायची. हवेत गेल्यावर घड्याळ पाहायचं, 'आता खाली भीमा दिसायला हवी' असं स्वतःला सांगायचं, खाली पाहायचं आणि मग टॅबलेटवर एक नजर टाकून खात्री करायची. तिन्ही उत्तरं जुळली तर पुढे जायचं. जुळली नाहीत तर कुठलं चुकतंय, हे शोधायचं.

क्रम उलटा झाला, म्हणजे आधी टॅबलेट आणि मग बाहेर, तर काही तासांच्या सरावातच होकायंत्र आणि घड्याळ पाहायची सवय सुटते. टॅबलेट चालू असेपर्यंत हे कुणाच्याच लक्षात येत नाही. लक्षात येतं ते एखाद्या मे महिन्यातल्या दुपारी, घोड धरणाच्या आसपास, स्क्रीन अचानक काळी पडल्यावर.

त्या क्षणी ज्याने मिनिटं लिहून ठेवली आहेत, त्याला माहीत असतं की दौंड सोडून आठ मिनिटं झाली आहेत आणि अजून आठ मिनिटांनी पुणे-अहिल्यानगर महामार्गाचा घोडनदीवरचा पूल दिसायला हवा. डावीकडे रांजणगाव एमआयडीसीची मोठी छपरं फार जवळ दिसू लागली तर आपण पश्चिमेला सरकलोय, हेही त्याला कळतं. त्याला टॅबलेट थंड होईपर्यंत थांबता येतं. ज्याने काहीच लिहून ठेवलेलं नाही, त्याच्याकडे वर सगळीकडे सारखं दिसणारं आकाश असतं आणि खाली सगळीकडे सारखा दिसणारा ऊस.